शनाया ट्वेनचा 'कम ऑन ओव्हर': आधी मूळ मिक्स ऐका

कॅनडाची कंट्री (अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली) गायिका शनाया ट्वेनचा हा अल्बम ऐकायचा किंवा विकत घ्यायचा असेल, तर आधी आवृत्ती तपासा. एकाच नावाखाली वेगवेगळी मिक्स, म्हणजे त्याच गाण्यांची वेगळी ध्वनिमिश्रणं, बाजारात आली आहेत आणि त्यांची चव एकमेकींपासून बरीच लांब आहे.

अमेरिकेत ४ नोव्हेंबर १९९७ला निघालेली मूळ आवृत्ती 'मॅन! आय फील लाइक अ वुमन!'ने सुरू होते. तिच्यात फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून वाजवायची, सूर घसरवणारी गिटार) ही कंट्रीची वाद्यं ठळक ऐकू येतात. १९९८च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत पहिलं गाणं 'यू आर स्टिल द वन' आहे. मूळ क्रमात ते दहावं. गाणी तीच सोळा, पण कंट्रीची वाद्यं मागे सारून पॉपची बाजू वर आणलेली. माझं मत स्पष्ट आहे: आधी मूळ ऐका. 'डोन्ट बी स्टुपिड'मधला फिडल नुसता सजावटीचा नाही, गाणं तोच पळवतो. तो दबला की गाण्याची निम्मी गंमत जाते. 'यू आर स्टिल द वन'ला मात्र पॉप मिक्सने फारसा धक्का लागत नाही, कारण ते सगळं चालीवर आणि शनायाच्या खालच्या पट्टीतल्या आवाजावर उभं आहे.

निर्माता रॉबर्ट जॉन 'मट' लँग, तेव्हाचे तिचे पती. एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या रॉक बँडच्या अल्बममागचा हाच माणूस. आवाजांचे थर एकावर एक चढवून ध्रुवपद मोठं करायची त्यांची रॉकमधली रीत इथे थेट कंट्रीत आली आहे. सगळी गाणी दोघांनी मिळून लिहिली.

विक्रीचं गणित फार बोलकं आहे. जगभर ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या, तरी 'बिलबोर्ड २००' या अमेरिकेतल्या अल्बमच्या मुख्य यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकापुढे कधीच गेला नाही. कंट्री अल्बमच्या यादीत मात्र ५० आठवडे अव्वल! म्हणजे एका आठवड्याच्या उसळीवर नाही, तो सातत्यावर चालला. सोळापैकी बारा गाणी सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्रपणे, निघाली, १९९७ ते २००० अशी टप्प्याटप्प्याने, आणि कंट्री रेडिओवर रुळलेली गाणी पॉप मिक्स घेऊन दुसऱ्या श्रोत्यांकडे गेली. ब्रिटनमध्ये तर तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला १९९९मध्ये.

उणीव लांबीची. तासभराच्या अल्बममध्ये 'रॉक धिस कंट्री!' नुसत्या जोशावर निघून जातं, 'व्हेन'ही हातात फार काही ठेवत नाही. पण उत्तरार्ध म्हणून सगळाच वगळू नका: तेरावं 'ब्लॅक आइज, ब्लू टिअर्स' घरातल्या मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या बाईचं आहे, आणि एवढ्या झगमगत्या अल्बममध्ये ते ठेवणं धाडसाचं होतं.