टास्क शेड्युलर, आठ महिन्यांनंतर: एका टिकमार्कनं घात केला

पंचवटीतलं कृषी सेवा केंद्र, काउंटरवर विंडोज १० चे दोन कॉम्प्युटर. काम एवढंच: लॉगिन झालं की बिलिंगच्या फोल्डरची रोबोकॉपीनं (फाइली उतरवणारी विंडोजचीच कमांड) पेन ड्राइव्हवर नक्कल पडली पाहिजे. त्यासाठी वर्षाला पैसे मागणारं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही.

आधी ती कमांड लिहिलेली बॅच फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये होती. चालायची, पण रोज सकाळी काळी खिडकी उघडायची आणि गिऱ्हाईक समोर उभं असलं की काउंटरवरचा माणूस फुलीवर क्लिक करून ती बंद करायचा. नक्कल अर्धवट. म्हणून टास्क शेड्युलर, म्हणजे ठरवलेलं काम आपोआप चालवणारी विंडोजमधलीच सोय.

तिथं ट्रिगर (टास्क कधी सुरू व्हायचा ते) 'ॲट लॉग ऑन' घ्या, 'ॲट स्टार्टअप' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करून सकाळी बटण दाबणं म्हणजे विंडोजच्या लेखी पूर्ण बूट नव्हेच. स्टार्टअपचा टास्क रीस्टार्टला चालतो आणि रोजच्या सकाळी गप्प बसतो. एक मिनिटाचा डिले द्या, पेन ड्राइव्ह ओळखला जायला वेळ लागतो. डिस्क मॅनेजमेंटमधून त्याला शेवटाकडचं एखादं ड्राइव्ह लेटर नेमून टाका, म्हणजे ते बदलत नाही. 'स्टार्ट इन'मध्ये फोल्डरचा पत्ता अवतरणचिन्हांशिवाय लिहा. चिन्हं दिली की टास्क सुरूच होत नाही, आणि रकाना रिकामा ठेवला तर बॅच फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये उभी राहून आपल्या फाइली शोधते. खिडकी लपवायला 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा. मात्र विंडोजचा पासवर्ड बदललात की इथंही नवा द्यावा लागतो.

आता त्या टिकमार्कचं. कंडिशन्स टॅबमध्ये 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' (बॅटरीवर नाही, थेट विजेवर असेल तरच) ही खूण आपोआप लागलेली असते. डेस्कटॉपला काय फरक पडतो, असं वाटून कुणी तिकडे बघत नाही. पण एका काउंटरच्या यूपीएसला यूएसबी केबल जोडलेली. त्या केबलमुळे विंडोज यूपीएसला बॅटरी समजतं. वीज गेलेली असताना लॉगिन केलं की टास्क सुरू होत नाही, आणि चालू असताना गेली तर खालच्या दुसऱ्या खुणेमुळे मध्येच थांबतो. शेजारच्या काउंटरला तोच यूपीएस, पण बिनकेबलचा. तिथं सगळं सुरळीत! द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या गर्दीत हे कुणाला सापडणार? कुठं सूचना नाही, लाल अक्षर नाही. हिस्टरीत ३२६ नंबरची नोंद पडते, पण हिस्टरीच मुळात बंद असते. उजवीकडून 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' करावं लागतं.

पहिले तीन महिने मत दोन ताऱ्यांचं होतं. त्यातला एक राग चुकीचा निघाला, तो इथं दुरुस्त करतो: 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये १ दिसला की बिघाड, असा समज होता. रोबोकॉपीत १ म्हणजे नव्या फाइली व्यवस्थित उतरल्या. ० म्हणजे उतरवण्यासारखं काही नव्हतं. ८ किंवा त्यापुढचा आकडा आला तरच लॉग उघडा.

दोन्ही खुणा काढल्यापासून एकही दिवस चुकलेला नाही. आता चार तारे. पाचवा त्या टिकमार्कापायी गेला, तो मिळणार नाही. लॅपटॉपवर मात्र खुणा राहू द्या, तिथं त्यांचं काम आहे.