ग्लास्टनबरीचा ‘लिथा’ संच : वनस्पती चोख, तेले मात्र पारखून घ्यावीत

मगवर्टची पुडी उघडताच दवण्याची आठवण झाली, आणि तो निव्वळ भास नव्हता. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा आणि इंग्लंडमध्ये बांधाच्या कडेला, पडीक जागेत माजणारे मगवर्ट ही दोन्ही आर्टेमिसिया या एकाच प्रजातीतील झाडे आहेत. दवण्याचा वास गोडसर, तर मगवर्टचा कडवट आणि थोडा कापराकडे झुकणारा आहे. पुडीत तळापर्यंत बोटे घालून पाहिली, तरी वरचा आणि खालचा माल सारखाच निघाला. माझ्या वडिलांचे पुण्यात काष्ठौषधींचे छोटे दुकान होते, त्यामुळे वरच्या थरावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय हाडात मुरलेली आहे.

ही पुडी ज्या ‘लिथा’ संचातली, तो मी ग्लास्टनबरीच्या हाय स्ट्रीटवरील एका दुकानातून टपालाने ब्रिस्टलला मागवला. सॉमरसेटमधील हे गाव टेकडीवरील एकाकी बुरुजासाठी, चॅलिस वेल या तांबूस पाण्याच्या झऱ्यासाठी आणि पेगन मंडळींच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या शेजारीणबाई स्वतःला पेगन म्हणवतात, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातील निसर्गपूजा नव्याने आचरणाऱ्यांपैकी त्या आहेत. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात शेकोटी असते आणि या वर्षी त्यांनी आम्हांला बोलावले होते. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून ३४ पौंड मोजले. त्यात वनस्पतींच्या प्रत्येकी वीस ग्रॅमच्या सात पुड्या, दहा मिलिलिटरच्या तेलाच्या तीन बाटल्या, कोळशाच्या चकत्यांची गुंडाळी, मधमाश्यांच्या मेणाची एक मेणबत्ती आणि घडीचे माहितीपत्रक असा ऐवज होता.

माहितीपत्रकाची पहिलीच ओळ ‘लिथा’, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसाचा हा सण, याच नावाने हजारो वर्षे अखंड साजरा होत आल्याचे सांगते, आणि तेथेच पहिली नापसंती नोंदवावी लागते. बीड या इंग्लिश भिक्षूने ७२५ साली लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथात अँग्लो-सॅक्सन लोक जून-जुलैच्या सुमाराच्या दोन महिन्यांना लिथा म्हणत, एवढी नोंद आहे. ते नाव या सणाला चिकटवले एडन केली या अमेरिकन पेगन लेखकाने, तेही १९७०च्या दशकात. वनस्पती आणि तेल यांची परंपरा मात्र खरोखर जुनी आहे, आणि दुकानदाराने तिचाच आधार घेतला असता तर अतिशयोक्तीची गरजच पडली नसती. जॉन स्टो या इंग्लिश इतिहासकाराने १५९८ साली प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या वर्णनात सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे २३ जूनला, घरोघरी दारांवर बर्चच्या हिरव्या फांद्या, बडीशेपेची उंच रोपे, सेंट जॉन्स वर्ट आणि पांढऱ्या लिली लावत आणि काचेच्या दिव्यांत रात्रभर तेल जाळत, असे नमूद आहे. सण ख्रिस्ती संताच्या नावाचा असला, तरी दारावरचा हिरवा पाला आणि रात्रभराचा दिवा पाहून मराठी माणसाला फारसे परके वाटू नये.

वनस्पतींविषयी बोलायचे तर सातांपैकी पाच पुड्या उत्तम होत्या. मगवर्टचे सांगितलेच. मेडोस्वीटची सुकी फुले मलईच्या रंगाची राहिली होती, त्यांत काड्या जवळजवळ नव्हत्या आणि वास बदाम व वाळलेले गवत यांच्या मधला होता. याच झाडाच्या ‘स्पायरिया’ या जुन्या शास्त्रीय नावावरून १८९९ साली ॲस्पिरिनचे नाव घडले, आणि ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही त्यांनी याचा चहा टाळावा, असे पुडीवर बारीक अक्षरांत का होईना, छापलेले आहे. हा काळजीपूर्वकपणा सगळीकडे दिसला असता तर बरे झाले असते. यारो आणि कॅमोमाइल नेटकी होती. ‘मॅरिगोल्ड’ म्हणून जी नारिंगी पाकळ्यांची पुडी येते तिच्यात कॅलेंडुला असते. आपला झेंडू निराळा, तो मूळचा मेक्सिकोचा, तेव्हा दसऱ्याच्या तोरणातील झेंडू वाळवून ‘तेच ते’ समजून चहात टाकण्याचा उद्योग कोणी करू नये. व्हर्वेनच्या पुडीत पाल्यापेक्षा काड्याच अधिक भरल्या. सेंट जॉन्स वर्टची फुले पिवळी असायची ती तपकिरी पडलेली होती आणि चुरगळल्यावर वास नावालाच उरला होता. एकाही पुडीवर तोडणीचा महिना किंवा वर्ष नाही. वासावर विकल्या जाणाऱ्या मालात ही उणीव मोठी आहे.

या उणिवेमागे ऋतूचे एक साधे गणितही आहे. इंग्लंडमध्ये सेंट जॉन्स वर्ट जूनच्या उत्तरार्धात फुलू लागते आणि लॅव्हेंडरचा खरा बहर जुलैत येतो. मग मे महिन्यात दारात येऊन पडणारा ‘या वर्षीच्या सूर्योत्सवाचा ताजा माल’ हा गेल्या उन्हाळ्यातील तोडणीचाच असणार. त्यात गैर काही नाही, नीट सुकवलेल्या वनस्पती वर्षभर टिकतात. फक्त ‘ताजा’ हा शब्द वापरू नये.

आता तेले. लॅव्हेंडरचे तेल चांगले निघाले. टीपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला, सकाळी कागदावर डाग नव्हता. म्हणजे त्यात स्वस्त खाद्यतेल मिसळलेले नाही. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि काहींच्या त्वचेला न मानवणारा लिनालूल हा सुगंधी घटक त्यात असल्याचा इशाराही छापलेला होता. गुलाबाच्या तेलाने मात्र त्याच कागदावर नाण्याएवढा तेलकट डाग सोडला. लेबलावर ‘शुद्ध’ असे लिहिलेले आहे. एक किलो गुलाबतेल काढायला साधारण साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्यामुळे संचाच्या किमतीत दहा मिलिलिटर शुद्ध गुलाबतेल बसणे शक्यच नाही. ‘जोजोबा तेलात मिसळलेले’ असे दोन शब्द अधिक छापले असते तर माझी तक्रार नसती, कारण सुगंध खोटा नव्हता.

तिसरी बाटली सेंट जॉन्स वर्टच्या तेलाची, आणि खरे तर या संचाचा मान तिलाच. या झाडाचे पान उजेडासमोर धरले तर सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात आणि न उमललेली कळी नखांत चिरडली तर बोट जांभळट लाल होते. पिवळ्या फुलातून निघणारा हा लाल रंग म्हणजेच त्याची कीर्ती. ताजी फुले ऑलिव्हच्या तेलात बुडवून बरणी चार ते सहा आठवडे उन्हात ठेवली की तेल माणकासारखे लाल होते. संचातील तेल मोहरीच्या तेलासारखे पिवळे होते. ते सुक्या फुलांपासून केले असावे असा माझा तर्क होता, आणि दुकानाने पत्राला उत्तर देताना तो मान्य केला.

रंगापेक्षा गंभीर बाब पुढेच आहे. हे तेल पहाटे कपाळाला आणि मनगटांना लावून दिवसभर सूर्याच्या सान्निध्यात राहावे, असा सल्ला माहितीपत्रक देते. या झाडातील हायपेरिसिन या घटकामुळे त्वचा उन्हाला हळवी होते. कुरणात हे झाड भरपूर खाल्लेल्या गुरामेंढ्यांची कातडी उन्हाने पोळते, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. चार थेंबांनी माणसाचे तसे होईल असे मी म्हणत नाही, पण तेल लावून उन्हात न जाण्याची सूचना द्यायची सोडून नेमका उलटा सल्ला छापणे अक्षम्य आहे. त्याच पानावर या फुलांचा चहा रोज एक पेला ‘मन प्रसन्न राहण्यासाठी’ सुचवला आहे. सेंट जॉन्स वर्ट पोटात गेल्यावर यकृतातील औषधे पचवणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) वेग वाढतो. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन आणि अवयवरोपणानंतरची सायक्लोस्पोरिनसारखी औषधे निष्प्रभ होऊ शकतात, आणि नैराश्यावरील काही गोळ्यांबरोबर ते घेतल्यास जिवावर बेतू शकते. ब्रिटनमध्ये औषध म्हणून विकायच्या वनौषधींना नोंदणीची खूण लागते आणि त्यांच्यासोबत या सूचना येतात. सणाचे साहित्य म्हणून विकलेल्या पुडीत त्या गळून पडतात. मेडोस्वीटच्या पुडीवर इशारा छापणाऱ्या दुकानाला हे ठाऊक नसेल, असे मानवत नाही.

दुकानाने दोन दिवसांत उत्तर दिले आणि तेलाचे आठ पौंड परत केले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. चहाच्या सूचनेबद्दल मात्र पत्रात अक्षरही नव्हते.

कोळशाच्या चकत्यांविषयी थोडे. त्या चटकन पेटाव्यात म्हणून त्यांत सोरा मिसळलेला असतो, त्यामुळे पहिले मिनिटभर ठिणग्या उडतात आणि फटाक्यासारखा वास येतो. चकतीवर राखेचा पांढरा थर धरेपर्यंत वनस्पती टाकू नये. संचात चकती ठेवायला काहीच दिलेले नाही. मी घरचे पितळी धुपाटणे नेले आणि ते शेजारीणबाईंना इतके आवडले की संध्याकाळभर त्यांच्याच हातात राहिले.

वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी ब्रिस्टलला सुमारे साडेसोळा तास उजेड असतो, पुण्यात सव्वातेरा; आणि पुण्यातला तो दिवस बहुधा ढगांआडच जातो. पंचांगात दक्षिणायन लागल्याची नोंद आपण वाचतो, सण करीत नाही. साडेनऊनंतर कुठे ऊन मावळले आणि शेकोटी पेटली. मगवर्टचे पट्टे कमरेला बांधून अखेरीस अग्नीत टाकायचे, ही युरोपात बऱ्याच ठिकाणी आढळणारी जुनी रीत. सुक्या चुऱ्याचा पट्टा होत नाही, म्हणून शेजारीणबाईंनी कुंपणाबाहेरची ताजी रोपे उपटून आणली होती, आणि संचातील मगवर्ट धुपाटण्यात जळले. दोन्ही धुरांत मला तरी फरक कळला नाही. सुक्या मालाला याहून चांगले प्रशस्तिपत्र काय द्यावे!

माझे मत विचाराल तर पूर्ण संच घेऊ नये. याच दुकानात मगवर्ट, मेडोस्वीट आणि लॅव्हेंडरचे तेल सुटे मिळते, आणि तिन्ही मिळून खर्च निम्म्यावर येतो. लाल तेल घरी करावे. शेजारीणबाईंच्या वाफ्यातील फुले मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात खुडली, ओल उडावी म्हणून रात्रभर कापडावर पसरली आणि मग ऑलिव्हच्या तेलात बुडवली. बरणी दक्षिणेकडच्या खिडकीत आहे, दहाव्या दिवशी तेलाला डाळिंबी छटा आली, आणि झाकणावर खुडणीची तारीख लिहिलेली आहे.