खाद्यवनाचा आराखडा : बाग म्हणून उत्तम, प्रयोग म्हणून अपुरा

कोकणातील आमच्या महाविद्यालयामागच्या वीस गुंठे उतारावर खाद्यवन, म्हणजे जंगलासारखी थराथरांनी लावलेली खाण्याजोग्या झाडांची बाग, उभारण्याचे ठरले, तेव्हा आराखड्याचे काम आम्ही एका खासगी सल्लागार संस्थेकडे दिले. विद्यार्थ्यांना शिकवणे आणि माती, कीटक व पक्षी यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवणे, असे दोन्ही हेतू तिला सुरुवातीलाच लेखी कळवले होते.

लागवडीची रचना मला मनापासून आवडली. इंग्लंडमधील श्रॉपशर येथे रॉबर्ट हार्ट यांनी सफरचंद-प्लमच्या थंड हवेत रुजवलेली सात थरांची बाग जशीच्या तशी न उचलता संस्थेने गोव्याच्या कुळागराचा, म्हणजे तिथल्या पारंपरिक मिश्र बागेचा, आधार घेतला : वर नारळ आणि फणस, खाली पोफळ व जायफळ, पोफळीवर चढवलेली मिरी, मध्ये केळी आणि सावलीत हळद, सुरण, अननस. कुळागर मात्र बारमाही पाण्याच्या खोऱ्यात वाढते आणि आमची जागा जांभ्याची, जिथे चार महिने धो धो पाऊस पडतो व उरलेले आठ महिने जमीन कोरडी असते. हे ओळखून पोफळी फक्त विहिरीलगतच्या खालच्या पट्ट्यात ठेवल्या आणि वरच्या उतारावर समपातळी चर खणून काजू, आवळा व कोकम सुचवले. जागेवर दोन पावसाळे काढल्यासारखी ही समज होती.

कोकमाच्या बाबतीत मात्र चूक झाली. कोकमाची नर व मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात, तरीही आराखड्यात कलमांऐवजी रोपे धरली होती. (परागीभवन शिकवण्यासाठी दोन-तीन नर झाडे मी स्वतःच मागितली असती, पण ती ठरवून.)

संशोधनाची बाजू त्याहून कच्ची होती. तुलनेसाठी लागवड न केलेला तुकडा आराखड्यात नव्हता, आणि सर्व तुकड्यांत एकच मिश्रण असल्यामुळे पुढे दिसणारा फरक झाडांमुळे पडला की उतारामुळे, हे ठरवणे अशक्य झाले असते. पायवाटाही दोन फुटांच्या, म्हणजे वीस विद्यार्थी रांगेत उभे राहिले तर शेवटच्याला पान दिसणार नाही. हरकत घेतल्यावर वाटा रुंद झाल्या आणि चार गुंठे मोकळे सोडले गेले, तेही जादा शुल्क न घेता.

नुसती बाग हवी असल्यास ही सेवा निःसंकोच घ्यावी. नोंदी ठेवायच्या असतील, तर लागवडीपूर्वीची मातीची तपासणी करारात लिहून घ्यावी. आमचा पहिला तुकडा तिच्याशिवायच लावला गेला आणि तिथली जुनी माती कशी होती, हे आता कुणालाच सांगता येत नाही.