आठ महिने एक गिटार, आणि शेजारी ठेवलेली दुसरी

नोव्हेंबरात घेतलेल्या गिटारीबद्दल आता जुलै संपताना लिहितोय. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही. नाव वाचलं की कान आधीच निकाल देऊन मोकळा होतो, आणि माझी सगळी तक्रार कानाच्या या खोडीबद्दलच आहे. ड्रेडनॉट आकाराची (म्हणजे मोठ्या खोक्याची), वरची फळी सॉलिड, म्हणजे प्लाय नसलेल्या, स्प्रूसची, पाठ आणि बाजू महोगनीच्या, किंमत एकवीस हजारांच्या आसपास, तारा फॉस्फर ब्रॉन्झच्या, एवढं पुरे.

दुकान इथे ग्वाल्हेरात, महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत आहे. दुकानदाराने तीन गिटारी काढल्या. चौदा हजारांची प्लायची, मग ही, मग अडतीस हजारांची शिसवी पाठीची. दिल्यासुद्धा त्याच क्रमाने. पहिलीवर G कॉर्ड वाजवली, ठीक वाटली. दुसरीवर तीच वाजवली आणि छातीला नाद जाणवला. मनात म्हटलं, हीच. तेवढ्यात तिसरी हातात आली. "इसमें बेस देखिए सर." पाहिला बेस. मग दुसरी परत उचलली तर चक्क डबा! दोन मिनिटांपूर्वी जिच्यावर जीव जडला होता तीच. आपल्याकडे थंडीत गजक (तीळगुळाची वडी) खाऊन वर चहा घेतला की चहा अगोड लागतो ना, तसं. साखर कुणी कमी केलेली नसते.

खिशात होते तेवढ्यात दुसरी घेतली. पुढचे दोन महिने मी ती वाजवत होतो आणि तिसरी ऐकत होतो. वहीत लिहून ठेवायची सवय आहे म्हणून सांगू शकतो. १२ डिसेंबरची नोंद: "बद्द. खर्ज नाही. चूक झाली का?" मग थंडी कडक झाली, बोटं आखडली, दुकानात जाणं राहिलं, आणि हळूहळू तिसरी विसरली. फेब्रुवारीतली नोंद: "चौथी तार मोकळी सोडली की आस (मागे घुमणारा नाद) छान लांबते. आता खुलली."

नवी गिटार वाजवून वाजवून खुलते असं सगळेच सांगतात, मीही मानून चाललो होतो. पण मी दर महिन्याला एकाच खोलीत, एकाच खुर्चीत, फोन दोन हात अंतरावर ठेवून तेच चार कॉर्ड रेकॉर्ड करत होतो. मार्चमध्ये डिसेंबर आणि फेब्रुवारी लागोपाठ ऐकले. मला फरक सापडला नाही. भाच्याला ऐकवले तर तो म्हणाला, "मामा, एकच फाइल दोनदा लावली का?" लाकूड खुलत नाही असा दावा मी करत नाही, फोनचा माइक काय पकडणार. पण "बद्द" पासून "खुलली" पर्यंतचा प्रवास गिटारीने केला नव्हता एवढं कळलं.

लहानपणी आम्हाला हजीऱ्याला तानसेनच्या समाधीवर न्यायचे. तिथल्या चिंचेची पानं चावली की गळा गोड होतो म्हणतात. आम्ही भावंडं ओंजळभर पानं चावून टांग्यात गात घरी यायचो, आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज सुधारलेला वाटायचा. आई म्हणायची, "काल पण असाच होता."

मार्चमध्येच, रंगपंचमीच्या आसपास, मित्राने नेमकी ती तिसरी घेतली. घेऊन घरी आला, आणि माझी पुन्हा डबा झाली. दोन दिवस चिडचिड. मग लक्षात आलं की त्याच्या तारा आठ दिवसांच्या, माझ्या चार महिन्यांच्या. घाम आणि मळ बसून जाड तारांची चमक आधी जाते, त्या बसक्या वाजतात. एकाच कंपनीची दोन पाकिटं आणली, दोन्हींवर एकाच संध्याकाळी चढवली. अंतर निम्मं झालं. म्हणजे इतके दिवस मी ज्याला शिसवीचा गोडवा म्हणत होतो त्यातला निम्मा पाकिटातून आलेला होता.

उरलेल्या निम्म्यात आवाजाची उंची. फोनवरच्या मीटरवर त्याची गिटार दोन-तीन डेसिबल जास्त दाखवत होती. एवढा फरक "मोठी वाजते" असा कळत नाही, "भरदार वाजते" असा कळतो. हळू आवाजात खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ मध्येच मोजून मांडलं होतं. त्यामुळे जरा जोरात वाजणारी गिटार आयतीच खोल वाटते. मी माझ्या गिटारीवर किंचित जोर लावून मीटरचा काटा जुळवला, तेव्हा "बेस देखिए" मधला बराच बेस गायब झाला.

मग आईला बसवलं. आई माधव संगीत महाविद्यालयात शिकलेली, आजही सकाळी मिरजेचा तंबोरा घेऊन बसते, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकला तरी तिला कळतो. जनकगंजातल्या आमच्या माजघरात ती भिंतीकडे तोंड करून मेथी निवडत बसली. भाचा नाणं उडवून गिटार ठरवायचा, मी तेच चार कॉर्ड अंगठ्याने वाजवायचो. पहिल्या सहा वेळा तिने सहाही बरोबर ओळखल्या. मी खूश. म्हटलं, बघा, शिसव ती शिसवच. विचारलं, "कसं ओळखतेस?"

"अरे, तुझी ती जाड तार चढी आहे जराशी. मी तेवढंच ऐकतेय."

ट्यूनर लावला. माझी पाचवी तार सहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर होती. दोन्ही गिटारी नीट लावून पुन्हा दहा वेळा. पाच बरोबर. नाण्यानेही तेवढीच दिली असती. ती म्हणाली, "दोन्ही बऱ्या आहेत," आणि भाजी घेऊन उठली. नंतर भाच्याने वाजवली आणि मी ऐकली, तर दहापैकी सहा. पण डोळे मिटून मी स्वतः वाजवली तेव्हा दहापैकी दहा! मित्राच्या गिटारीची मान जाड आहे आणि कोपराखाली पॉलिश चिकटतं. हाताला कळलं ते कानाने स्वतःच्या नावावर लावून घेतलं.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच फार नेटकं केलं होतं, २०१८ मध्ये छापलं. पाठ आणि बाजूंचं लाकूड सोडून शक्य तितक्या सारख्या अशा सहा गिटारी एकाच कारागिराकडून करून घेतल्या, ब्राझिलियन आणि भारतीय शिसवीपासून महोगनी, मेपल, सपेली, अक्रोडापर्यंत. ५२ गिटारवादकांना मंद उजेडात वेल्डरचे चष्मे घालून वाजवायला दिल्या. स्वस्त लाकूड आणि महाग लाकूड, गुण जवळपास सारखेच. न पाहता त्या वेगळ्या ओळखणंही वादकांना सहज जमलं नाही. आवाजाचं मुख्य काम वरची फळी करते, पाठीचा वाटा त्या मानाने लहान, हे त्यात पटण्यासारखं आहे. त्यांच्या गिटारी हातालाही सारख्या होत्या, आमच्या नव्हत्या.

फरक नाहीच असं मात्र मी म्हणणार नाही. मित्राची गिटार एप्रिलमध्ये पंधरा दिवस माझ्याकडे होती. रात्री अकरानंतर गल्ली शांत झाल्यावर एकेक तार सावकाश छेडली की तिची सहावी तार थोडी जास्त वेळ तरंगते. ते मला आजही ऐकू येतं असं वाटतं. त्यासाठी सतरा हजार जास्त देईन का? नाही. गंमत अशी की ती परत गेल्यावर चार-पाच दिवसांत माझी पुन्हा बरी वाजायला लागली. नादाचा बारीक तपशील कानात काही सेकंदच टिकतो. त्यानंतर राहतं ते आपलं मत, आणि आपण घरी येऊन गिटारीची तुलना त्या मताशी करतो.

मोठा फरक केला ग्वाल्हेरच्या हवेने. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात लू सुरू झाली आणि खोलीतलं मीटर १७ वर आलं. मानेवरच्या धातूच्या पडद्यांची (फ्रेटची) टोकं कडेला बोटाला टोचू लागली, वरची फळी बसली, पहिल्या पडद्यावर तारा झणझणायला लागल्या. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज ठेवला आणि डबी केसमध्ये टाकली, आठवड्यात झणझण गेली. आता पावसात उलटं. फळी फुगलीय, तारा वर चढल्यात, आवाज दबलाय. मे आणि जुलैची रेकॉर्डिंग भाच्यालाही लगेच वेगळी ओळखता आली. शिसव-महोगनी त्याला ओळखता आली नव्हती.

बाकी तक्रार थोडी. खुंट्या पकडून ठेवतात, मान सरळ आहे, सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) जरा उंच होतं ते घासून घेतलं. पट्ट्याची खुंटी एकच दिलीय, दुसरी बसवून घ्यावी लागली.

पुढच्या महिन्यात भाच्याला घ्यायची आहे. मी सोबत जाणार, खिशात ट्यूनर आणि तारांची दोन नवी पाकिटं. महागडी आधी मागायची आणि स्वस्त शेवटी, असं ठरलंय. तारा बदलून ऐकू देतो का, ते मात्र दुकानदाराच्या मूडवर.