बायोचारची भट्टी आणि वाळूसर रानातली बाजरी : एका हंगामानंतर

बायोचार म्हणजे रानात मिसळायचा कोळसा. तो करायच्या भट्टीच्या बुडाचा कॉक वितळला. आधी तेच सांगतो, कारण पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) कशी रचायची, जाळ वरून कसा लावायचा हे सगळं व्हिडिओत आहे. कॉकबद्दल कोणी बोलत नाही.

भट्टी म्हणजे २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या कोन-टिकीची आपल्याकडची नक्कल. पत्र्याचा उलटा शंकू, तोंड उघडं. वरचा जाळच सगळी हवा खातो, खालच्या थरापर्यंत ती पोचत नाही, म्हणून पऱ्हाटीची राख न होता कोळसा होतो. पण बुडातून हवा शिरता कामा नये. आणि नेमका तिथेच बनवणाऱ्याने नळाचा साधा बॉल व्हॉल्व डकवलेला. त्याच्या आत सीट, म्हणजे गोळा टेकतो ती कडी, टेफ्लॉनची. टेफ्लॉन २६० अंशांच्या पुढे टिकत नाही, भट्टी सहाशेच्या वर जाते. सीट गेली, फट पडली, आणि खालून फुंकणी लावल्यासारखी हवा. तळाचा थर पांढरी राख.

फोन केला तर उत्तर, “दादा, व्हॉल्व वॉरंटीत बसत नाही. झिजायची वस्तू आहे.” अहो, झिजला असता तर तक्रार नव्हती, वितळलाय! मग सल्ला आला की बाहेरून माती लिंपा. म्हणजे भट्टीचे पैसे तुम्हाला आणि चिखल माझा. शेवटी गावातल्या वेल्डरने कॉक कापून दोन फूट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप जोडला आणि कॉक पाइपच्या टोकाला नेला. साडेतीनशे रुपयांत काम. तेव्हापासून त्रास नाही. हे दोन फूट त्यांना आधी सुचायला काय हरकत होती? त्याच कॉकमधून विझवायचं पाणी खालून वर चढवायचं असतं. वरून ओतलं तर तळ धुमसत राहतो. एप्रिलात एवढं पाणी घालवणं जिवावर येतं, म्हणून निथळलेलं काळं पाणी पिंपात धरून त्यातच शेण कालवतो.

आता राहिली जमीन. ओढ्याकाठचं आमचं रान वाळूचं. पाऊस पडला की पाणी खाली जातं आणि वाफसा दोन दिवसांत उडतो. युरिया टाका, पुढच्या सरीला तोही पाण्याबरोबर गेला. कोळशाची भोकं पाणी आणि अन्न दोन्ही अडवतात, हा हिशेब पटला म्हणून भट्टी घेतली. पण कोरा कोळसा टाकू नका. तो आधी स्वतःचं पोट भरतो. मेहुण्याने भट्टीतून काढला तसा पसरला, त्याची बाजरी महिनाभर पिवळी. आम्ही शेणकाला आणि गोमूत्रात तीन आठवडे मुरवला.

जूनमध्ये माझं मत एवढंच होतं की हा हौसेचा खर्च आहे. कारण आकडे बसेनात. शिफारस साधारण हेक्टरी १० टन, म्हणजे एकरी ४० क्विंटल. एका एकराच्या पऱ्हाटीतून जेमतेम अडीच क्विंटल कोळसा निघतो. त्या मात्रेने गुंठे भिजले किती? अडीच! म्हणून रानभर न पसरता तिफणीच्या ओळीत, बियाच्या खाली दिला. शेजारच्या ओळींना नुसता शेणकाला, तेवढाच.

ऑगस्टमध्ये बाजरी पोटरीत असताना पावसाने दडी मारली. साध्या ओळींची पानं अकराच्या सुमाराला सुरळी व्हायची, कोळशाच्या ओळींची दुपार कलल्यावर. एक ताट उपटलं तर वाटाण्याएवढ्या कोळशाच्या खड्यात पांढरी मुळं आरपार गेलेली, आणि खडा बोटांत दाबला तर ओल लागली. तिथे मत बदललं. काढणीला साध्या ओळींच्या पाच पाट्या कणसं, कोळशाच्या तेवढ्याच ओळींच्या सहा. दाणा दोन्हीकडचा सारखाच, फरक फुटव्यांचा.

एका गोष्टीवर मात्र भाळू नका. “जमिनीची आम्लता कमी होते” हा फायदा सगळेच छापतात. २०१७ च्या एका आढाव्यात उष्ण कटिबंधात सरासरी २५ टक्के उत्पादनवाढ दिसली, तीही बऱ्याच अंशी आम्ल, कस नसलेल्या जमिनींमुळे. कोकणातल्या जांभ्या मातीला ते लागू पडेल. आमच्याकडे सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास आणि कोळसा स्वतः अल्कधर्मी. जास्त ओतला तर जस्त-लोह अडकेल. मातीपरीक्षण करून घ्या, मग भट्टी.

एक जादा फायदा : पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली की अळी लागलेली बोंडं तशीच राहतात आणि गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाला हजर. भट्टीत ती गेलीच. चुलीला मात्र लाकूड कमी पडलं, घरातून त्यावर ऐकून घ्यावं लागलं.

विकतच्या पोत्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी : मला किलोला तीस रुपये सांगितले. एकरी ४० क्विंटल धरले तर एक लाख वीस हजार. बाजरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये, आणि आमच्या रानात आठ-नऊ क्विंटल झाली तरी डोक्यावरून पाणी. भट्टी घ्या, नाहीतर पऱ्हाटी कुट्टी करून रानातच गाडा, पण पोतं घेऊ नका.