स्पोर्ट्स फिजिओचा ऑनलाइन कोर्स केला : व्हिडिओ ठीकठाक, जर्नल क्लब भारी, करिअरवालं मॉड्यूल म्हणजे पाट्या टाकणं

कोर्स संपून दोन महिने झालेत, रिव्ह्यू लिहायला मुद्दामच थांबले होते, कारण सर्टिफिकेट हातात पडल्या पडल्या माणूस जे लिहितो ते सगळं हवेत असतं. संस्थेचं नाव टाकत नाहीये, एक तर खाली बऱ्यापैकी तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे या टाइपचे कोर्स कुठलेही घ्या, पळसाला पानं तीनच, रेकॉर्डेड व्हिडिओ, आठवड्याला एक लाइव्ह सेशन आणि शेवटी परीक्षा. नऊ महिन्यांचा होता. मी सहा वर्षं क्लिनिकमध्ये काम करतेय, मान पाठ कंबर गुडघे हेच जास्त, खेळाडू मधूनमधून.

कोर्स घ्यायचं कारण एक पेशंट. एकोणीस वर्षांचा पोरगा, फुटबॉल खेळायचा, एसीएलचं (गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट) ऑपरेशन झालेलं, माझ्याकडे रिहॅब. सहा महिने झाले, सूज नाही, दुखत नाही, गुडघा पूर्ण वाकतोय, स्क्वॉट छान करतोय, तो म्हणाला ताई आता खेळू ना, मी म्हणलं हळूहळू सुरू कर. दोन महिन्यांत परत फाटलं. माझी चूक किती आणि नशीब किती हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण एक गोष्ट नक्की, मी कॅलेंडर बघून हो म्हणलं होतं, त्याचा पाय मोजून नाही. ते डोक्यातून जाईना म्हणून फी भरली.

आता व्हिडिओंबद्दल. पहिले दोन महिने ॲनाटॉमीची उजळणी आहे आणि ती फार म्हणजे फारच लांबवलीय, कॉलेजात शिकलेलं परत रंगीत ॲनिमेशनमध्ये, मी दीडपट स्पीडवर पळवलं आणि तरी जांभया आल्या. तपासणीचा भाग मात्र नीट केलाय. लॅकमन टेस्ट (एसीएल फाटलंय का ते हाताने बघायची) करताना मांडी कशी धरायची, हात लहान असतील तर पेशंटच्या मांडीखाली स्वतःचा गुडघा सरकवून आधार कसा द्यायचा हे इतकं सावकाश कुणी मला दाखवलंच नव्हतं. घोट्यासाठीचे ओटावा रूल्सही छान समजावलेत, 1992 पासून आहेत, म्हणजे जुनेच, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागच्या कडेला किंवा टोकाला खालच्या 6 सेंमीत दाबून दुखतंय का, आणि लागल्यावर लगेच व तपासताना असं दोन्ही वेळा चार पावलं टाकता येत नाहीत का, दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर घोट्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी, एक्सरेची घाई नको (पायाच्या मधल्या भागाचे नियम वेगळे, तेही दाखवतात). मैदानाच्या कडेला उभं राहून हे दोन मिनिटांत होतं. एकच खटकलं, व्हिडिओतला पेशंट नेहमी सडपातळ, शांत आणि आज्ञाधारक. खरा खेळाडू "दुखत नाही हो" म्हणत दात ओठ खात असतो आणि मागे कोच घड्याळ बघत उभा असतो, तो सीन कुठेच नाही.

पैसे वसूल झाले ते जर्नल क्लबमध्ये. गंमत म्हणजे जाहिरातीत त्याची एक ओळ आहे फक्त. दर पंधरा दिवसांनी एक रिसर्च पेपर, आधी सगळ्यांनी वाचून यायचं, क्लब घेणाऱ्या मॅडम कुणालाही विचारणार. पहिल्या वेळी मी ॲबस्ट्रॅक्ट वाचून गेले आणि अशी उघडी पडले की कानाला खडा.

तो पेपर होता फिफा 11 प्लसवरचा, 2008 चा, नॉर्वेतल्या 13 ते 17 वयाच्या 1892 मुलींवर केलेला. हा वॉर्मअप आपण सगळे शिकलोय, वीसेक मिनिटं, तीन भाग, पळणं मग ताकद-तोल-उड्या मग परत पळणं. मी म्हणलं की यामुळे पायाच्या दुखापती कमी होतात असं सिद्ध झालंय. मॅडम म्हणाल्या टेबल उघड. तर ज्या गोष्टीसाठी मुळात अभ्यास आखला होता, म्हणजे एकूण पायाच्या दुखापती, तिथे आकडा 0.71 आहे (1 म्हणजे काहीच फरक नाही, 1 पेक्षा कमी म्हणजे फायदा) पण खरा आकडा असू शकेल ती रेंज 0.49 ते 1.03, म्हणजे एकच्या पलीकडे जातेय, म्हणजे ठामपणे सांगता येत नाही. गंभीर दुखापती आणि अतिवापराच्या दुखापती मात्र स्पष्ट कमी झाल्या. म्हणजे वॉर्मअप चांगलाच आहे, मी आजही करून घेते, पण "सिद्ध झालंय" हा शब्द मी किती सैल हाताने वापरत होते ते त्या दिवशी कळलं. आणि खरी मेख पुढच्या अभ्यासात होती, ज्या टीमने तो नियमित केला त्यांनाच जास्त फायदा. आठवड्यातून एकदा उरकून टाकला तर काय होणार.

नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचं (गुडघ्यावर बसून अंग हळूहळू पुढे सोडायचं, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी) पण तसंच. 2019 चा मोठा आढावा आहे, 8459 खेळाडू, हा व्यायाम असलेल्या प्रोग्रॅममध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या. फुकटचा व्यायाम, मशीन लागत नाही, घोटे धरायला एक माणूस लागतो फक्त. आणि 2015 ला युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या टीमना विचारलं तर बहुतेक जण तो पूर्ण करतच नव्हते! सगळ्यात श्रीमंत क्लब, सगळ्यात जास्त स्टाफ, आणि ही गत. का, तर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, खेळाडू कुरकुरतात, कोचला मॅचच्या आठवड्यात ते नको असतं. म्हणजे नुसतं रिसर्च माहीत असून चालत नाही, आठवड्यातल्या कुठल्या दिवशी किती रेप्सपासून सुरू करायचं आणि कोचच्या गळी कसं उतरवायचं हेही आलं पाहिजे, तिथे आमचं घोडं पेंड खातं. या एका सेशनवर मी आख्खा व्हिडिओ सेक्शन ओवाळून टाकेन.

आणि मग तो एसीएलवाला पेपर आला, 2016 चा, डेलावेअर आणि ऑस्लोच्या टीमचा. 106 पेशंट. नऊ महिन्यांपर्यंत, खेळायला परतणं एकेक महिना पुढे ढकललं की परत दुखापत व्हायचं प्रमाण 51 टक्क्यांनी कमी. मांडीची ताकद, चार प्रकारच्या हॉप टेस्ट (एका पायावर उड्या मारून मोजायचं) आणि प्रश्नावल्या, सगळ्यात 90 टक्क्यांच्या वर गेले ते पास. नापास होऊनही खेळायला गेलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांना परत दुखापत, पास झालेल्यांपैकी 5.6 टक्क्यांना. मी स्क्रीनसमोर गप्प बसून राहिले, माझा तो पोरगा सहाव्या महिन्यात गेला होता आणि मी एकही हॉप टेस्ट मोजली नव्हती. पण मॅडमनी तिथेही सोडलं नाही, विचारलं पास झालेले किती होते. 18. म्हणजे 5.6 टक्के म्हणजे एक माणूस, अजून एखादा पडला असता तर आकडा दुप्पट. मग हा पेपर फेकून द्यायचा का, तर नाही, दिशा बरोबर आहे, पण पेशंटला "टेस्ट पास झालास की तू सेफ" असं सांगायचं नाही. शिवाय 90 टक्के कशाच्या, तर दुसऱ्या पायाच्या, आणि सहा महिने कमी हालचाल झाली की तो चांगला पायही ढिला पडलेला असतो, तेव्हा दोन्ही पाय सारखे झाले म्हणजे दोन्ही सारखेच कमजोर असंही असू शकतं. मी आता ऑपरेशनच्या आधीच, गुडघ्याची सूज जरा उतरली की चांगल्या पायाची ताकद मोजून लिहून ठेवते. एवढी एक सवय लागली तरी मला कोर्स फळला असं मी म्हणेन.

अजून बरेच पेपर झाले, सगळे लिहीत बसत नाही. ट्रेनिंग लोडच्या त्या प्रसिद्ध 0.8 ते 1.3 वाल्या रेशोची चिरफाड मस्त झाली (त्या रेंजमध्ये राहिलं की दुखापतीचा धोका कमी असं म्हणतात; या आठवड्याचा लोड, म्हणजे सरावाचा एकूण ताण, भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी, आणि त्या सरासरीत हाच आठवडा परत मोजलेला, म्हणजे गणितातच गडबड). अकिलीसच्या (टाचेमागचा टेंडन) दुखण्यासाठी टाचा खाली सोडायच्या व्यायामावर पण झालं, 1998 चा मूळ अभ्यास, दिवसाला 180 रेप्स, बारा आठवडे, आणि व्यायाम करणारे फक्त 15 जण! नंतर 2015 मध्ये आठवड्यातून तीनदाच जड वजनं हळू उचलूनही तितकाच चांगला रिझल्ट मिळाला. माझे निम्मे पेशंट 180 ऐकूनच पळायचे, त्यांना आता दुसरा पर्याय देते.

बर्फाबद्दल वाद झालाच, तो नेहमी होतो. राइस (विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, पाय उंच ठेवणं) हा शब्द ज्या डॉक्टरांनी 1978 मध्ये काढला त्यांनीच पुढे म्हणलं की बर्फाने बरं व्हायला उशीर होऊ शकतो. बॅचमधल्या दोघांची यावरून जुंपली, मी आपली मूग गिळून बसले कारण मी त्याच दिवशी सकाळी एकाला बर्फ लावून आले होते.

आता करिअरचं मॉड्यूल, आणि इथे मला राग आहे. जाहिरातीत मैदानावर धावत जाणारा बॅगवाला फिजिओ, आतमध्ये काय तर प्रोफाइल फोटो कसा काढावा, बायोडेटाला दोन पानांपेक्षा मोठं करू नका, "नेटवर्किंग करा". कुणाशी, कसं, काहीच नाही. टीमसोबतची पूर्णवेळ कामं मुळात थोडी, एका टीमला असे किती फिजिओ लागणार, आणि ती मिळाली तरी प्रवास, सुट्टीच्या दिवशी मॅच, कोच बदलला की स्टाफही बदलतो, हे कुणी बोललं नाही. खेळाडू खेळणार की नाही हे ठरवताना तुमच्यावर तीन बाजूंनी दबाव येतो, त्या वेळी नोंदी कशा ठेवायच्या, नाही कसं म्हणायचं, डॉक्टरांशी आधी काय बोलून ठेवायचं, यावर एक तास तरी हवा होता. हे सगळं मला शेवटी बॅचमधल्या एका सीनियरकडून कळलं, तो आठ वर्षं ॲथलेटिक्सच्या टीमसोबत होता आणि आता क्लिनिकमध्ये परत आलाय, म्हणाला मला माझी पोरं मोठी होताना बघायची होती. त्याच्यासोबतचा अर्धा तासाचा कॉल त्या मॉड्यूलपेक्षा जास्त कामाचा, आणि तो कोर्सच्या बाहेर, फुकट.

सर्टिफिकेटबद्दल सगळे विचारतात म्हणून स्पष्ट सांगते. याने तुम्ही "स्पोर्ट्स फिजिओ स्पेशालिस्ट" होत नाही, नोंदणी करणाऱ्या कौन्सिलच्या लेखी हे फक्त काही तासांचं शिक्षण, आणि तेही धरतात की नाही हे फी भरायच्या आधी स्वतः विचारा, सेल्सवाल्याच्या तोंडावर जाऊ नका. मला फोनवर "इंटरनॅशनली रेकग्नाइज्ड" असं सांगितलं होतं, कुणी रेकग्नाइज केलंय हे मी तीन मेल करून विचारलं, उत्तरात परत तेच ब्रोशर आलं. शेवटची परीक्षाही फुसकी आहे, ऑप्शनवाले प्रश्न, जो जर्नल क्लबला कधी फिरकला नाही तोही पास. मला वाटतं परीक्षेत एक रिसर्च पेपर देऊन म्हणायला हवं होतं, याच्यात काय चुकलंय सांग.

मग घ्यावा का? पास आउट होऊन वर्ष पण झालं नसेल तर नको, आधी हाताखालून पेशंट जाऊ द्या, नाहीतर जर्नल क्लबमध्ये बोलायला तुमच्याकडे केसच नसणार. तोवर पेड्रो वापरा, फिजिओथेरपीच्या ट्रायल्सचा डेटाबेस आहे, 1999 पासून चालू, फुकट, प्रत्येक ट्रायलला दहापैकी मार्क दिलेले असतात, चार मित्र गोळा करून पंधरा दिवसांनी एक पेपर घेऊन बसलात तर कोर्सचा अर्धा अर्क तिथेच मिळेल. फक्त टोकणारं कुणीतरी लागेल, आमच्या मॅडमसारखं. माझ्यासारखी चार-सहा वर्षं झाली असतील आणि तेच तेच करून गंज चढला असेल तर घ्या, पण लाइव्ह सेशनच्या वेळा तुमच्या क्लिनिकच्या वेळेत येत नाहीत ना ते बघून, कारण रेकॉर्डिंगमध्ये कुणी तुम्हाला नाव घेऊन विचारत नाही आणि तिथेच तर मजा आहे. पाचपैकी साडेतीन देते, त्यातले तीन जर्नल क्लबचे.

आणि हो, केसेस लिहायची जी लॉगबुक आहे ती कोर्स संपल्यावर तीस दिवसांत बंद होते, हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही, माझ्या सतरा केसेस गेल्या, सपोर्टवाले म्हणाले आता काही करता येणार नाही. दर महिन्याला डाउनलोड करून ठेवत जा.