शाळा निवडताना वर्गातली उतरंडही पाहा

शाळा बदलायची म्हटलं की आपण निकाल, फी आणि अंतर यांचा हिशोब मांडतो. मूल मात्र घरी येऊन सांगतं, 'आज माझ्या बाकावर कुणीच बसलं नाही.' अनेक वर्षं शिकवल्यावर माझं मत ठाम झालंय की हे वाक्य निकालाइतकंच गंभीरपणे घ्यायला हवं. कुणाला किती मान, याची मुलांमधली उतरंड प्रत्येक वर्गात असते, त्यामुळे ती नसलेली शाळा शोधत बसू नका. त्या शाळेत मान मिळवायच्या वाटा किती आहेत आणि खाली गेलेल्या मुलाला पुन्हा वर येता येतं का, हे पाहा.

त्याआधी एक फरक लक्षात घ्या. वर्गात वट असणं वेगळं आणि आवडतं असणं वेगळं. पार्कहर्स्ट आणि हॉपमायर या संशोधकांनी १९९८ मध्ये हेच दाखवलं: 'लोकप्रिय' म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांतली बरीच मुलं वर्गाला फारशी आवडत नसतात, ती दादागिरी करणारी वाटतात. तेव्हा आपलं मूल 'पॉप्युलर' नाही म्हणून घाबरू नका. दोन जिवाभावाचे मित्र असले तरी पुष्कळ झालं.

आता लहान शाळा की मोठी? बार्कर आणि गंप या संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या शाळांचा अभ्यास १९६४ मध्ये मांडला. लहान शाळेत नाटकाला, संघाला, कार्यक्रमाला माणसं कमी पडतात, म्हणून बुजऱ्या मुलालाही काम मिळतं आणि कामाबरोबर ओळख मिळते. ही बाजू मला फार मोलाची वाटते. पण वीस जणांच्या एकाच तुकडीत पहिलीत चिकटलेलं 'रडका' हे नाव दहावीपर्यंत सुटत नाही. कट्टी झाली तर जायला दुसरा गटच नसतो. मोठ्या शाळेत तो असतो: बुद्धिबळवाले, गाणारे, विज्ञान प्रदर्शनवाले. तुकड्या बदलतात, नवी सुरुवात करता येते. तिथला धोका वेगळा आहे. नाकारलेलं मूल भांडणातून तरी शिक्षकांच्या नजरेत येतं. कुणाच्या लक्षातच नसलेलं मूल गर्दीत तसंच राहून जातं.

निवासी शाळेबद्दल जरा थांबून विचार करा. दिवसाच्या शाळेत घंटा झाली की उतरंड सुटते. घरी वेगळी माणसं, वेगळं नातं. वसतिगृहात तीच मुलं जेवताना, अभ्यासाला, झोपायच्या खोलीत. मैत्री होते ती जन्मभराची, पण त्रासातूनही सुटका नसते, शिवाय वरच्या वर्गाचा अधिकार असतोच. तिथे 'रॅगिंग होतं का' असं विचारू नका, उत्तर 'नाही' असंच येईल. रात्री खोलीजवळ कोण मोठं माणूस असतं आणि मुलाला घरच्यांशी एकांतात बोलता येतं का, हे विचारा.

प्रवेश परीक्षा घेणाऱ्या शाळेत गुणांचीच उतरंड बनते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांचं संशोधन सांगतं की तेवढ्याच कुवतीचं मूल अधिक हुशार मुलांत बसलं की अभ्यासात स्वतःला कमी लेखू लागतं. याउलट समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांना १९६१ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या दहा शाळांत दिसलं की मुलग्यांमध्ये अभ्यासापेक्षा खेळाला जास्त मान होता. दोन्हीकडे वाट एकच उरते, आणि ती न जमणाऱ्याचे हाल होतात. फक्त मुलांची, फक्त मुलींची की एकत्र, या प्रश्नापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझा कल सांगते. बुजरं पण एखादा पक्का छंद असलेलं मूल असेल तर मोठी शाळा. छंद अजून सापडला नसेल तर लहान. आणि शाळा पाहायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीत जा. उशिरा आलेलं मूल बाकापाशी उभं राहतं, तेव्हा कुणी दप्तर सरकवून जागा करतं का, ते पाहा. मग शिक्षकांना विचारा की गट कोण ठरवतं. 'मुलं आपापले ठरवतात' असं उत्तर आलं तर शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे दिला, म्हणजे प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय गटाचं काम पुरं होईना. असं काही ज्या वर्गात चालतं, तिथे पाच किलोमीटर लांब पडलं तरी मी माझं मूल घालेन.